काटेसाहेबांची ऑनलाइन तपासणी

काटेसाहेबांनी आयुष्यातली पहिली पैज लावली ती सहासष्टाव्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, उजव्या हाताला लाल पेन्सिल आणि डाव्या हाताला अटी व शर्तींचे चौसष्ट छापील कागद ठेवून. पैज लावताना चेहरा कसा ठेवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून ज्या चेहऱ्याने त्यांनी चौतीस वर्षं बाजारातल्या तराजूंवर शिक्के मारले होते, तोच त्यांनी याही कामासाठी धारण केला. ते मुळात जुगार खेळायला बसलेच नव्हते. ते तपासणीला बसले होते. हा फरक इमारतीला समजावून सांगताना पुढे त्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी तो एका परदेशी कंपनीला तेवढा कळला, आणि तोही फार महागात पडला.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक होते तेव्हा बाजाराने बहाल केलेला तो किताब. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की पारड्यांखाली चिकटवलेल्या मेणाच्या गोळ्या आपोआप गळून पडत, असं लोक सांगत. त्यांची पद्धत साधी होती. दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकायचं आणि गप्प उभं राहायचं. काटा मधे थांबला तर शिक्का, नाही थांबला तर दंड. मधल्या वेळात विक्रेता आपल्या आजारी आईबद्दल जे काही सांगेल ते ऐकायचं, पण मनावर घ्यायचं नाही. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाकडून एक लिंबूसुद्धा घेतलं नाही आणि नोंदवहीत एकही खोटी नोंद केली नाही. या दोन गोष्टी ते स्वतः कधी सांगत नसत. पण दुसरं कुणी सांगू लागलं तर थांबवतही नसत.

तपासणीचं कारण होते मामा. मामा म्हणजे काटेसाहेबांच्या बायकोचा धाकटा भाऊ. लेकीचा मामा, म्हणून सगळ्या इमारतीचाच मामा. इस्पितळात एक्स-रे काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली, लग्न राहून गेलं, दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत ते राहत आणि संध्याकाळी जेवायला बहिणीकडे येत. बहीण गेल्या वर्षी गेली. मामा यायचे थांबले नाहीत, आणि त्यांनी थांबावं असं काटेसाहेबांच्याही कधी मनात आलं नाही. जाताना बायकोने फार काही सांगून ठेवलं नव्हतं. पाण्याचा पंप कधी लावायचा ते, आणि त्याच्याकडे लक्ष ठेवा, एवढंच. पंपाचं काम काटेसाहेबांना लगेच जमलं.

मामांना फोनवर सामन्यांवर पैसे लावण्याची सवय लागली ती निवृत्तीच्या आधी दोन महिने. तीस वर्षं माणसांच्या आत पाहिल्यामुळे आपल्याला कुठल्याही गोष्टीच्या आतलं दिसतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ज्या देशाचं नाव धड उच्चारता येत नाही तिथल्या दुसऱ्या फळीच्या व्हॉलीबॉल संघाची आतली दुखणी ते जेवताना सांगत. जिंकलेले सामने त्यांना तारखेसकट पाठ होते. हरलेले सामने ‘पंचाने घालवले’ या एकाच सदरात जात, आणि त्या सदराची बेरीज ते करत नसत.

इथवर ठीक होतं. पण मामा निवृत्त झाले, निवृत्तीची सगळी रक्कम एकदम बँकेत पडली, आणि फुटबॉलच्या एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना पाच रविवारांवर आला. ती सगळी रक्कम त्या सामन्यावर लावायची, दुप्पट करायची आणि मग कायमचं थांबायचं, असा बेत त्यांनी एका संध्याकाळी जाहीर केला. यातला कायमचं थांबण्याचा भाग ते फार जबाबदारीने सांगत होते. काटेसाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि बरंच काही ऐकवलं. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, “दाजी, तुम्ही कधी लावलेत का पैसे? न तपासता नावं ठेवताय.”

हा घाव वर्मी बसला. न तपासता शेरा मारल्याचा आरोप काटेसाहेबांवर चौतीस वर्षांत कुणी केला नव्हता. दंड भरलेल्या माणसांनीसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मामांकडून ते ॲप आपल्या फोनवर घेतलं. ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ या चौकटीपाशी मामांचं बोट सवयीने पुढे गेलं, तेव्हा काटेसाहेबांनी ते मनगटापाशी धरून बाजूला केलं. अटी कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. मामांनी आजवर अटी पाहिल्याच नव्हत्या. त्या असतात हेही त्यांना नवीन होतं. चौसष्ट पानं छापून आली. काटेसाहेबांनी ती चार दिवस वाचली आणि समासात एक्केचाळीस हरकती नोंदवल्या. ‘कंपनी आपल्या मर्जीनुसार’ हे शब्द सव्वीस वेळा आले होते. प्रत्येक ठिकाणी ‘कोणाच्या मर्जीने? पद सांगावे’ असा शेरा पडला. हरकतींसह मान्य, असं लिहायला ॲपमध्ये जागा नव्हती. म्हणून त्यांनी हरकती वेगळ्या पत्राने पाठवल्या, आणि मगच ती चौकट दाबली.

ते पत्र पाठवणं हेही एक प्रकरणच झालं. कंपनीचा पत्ता म्हणजे कुठल्याशा बेटावरची टपालपेटी होती. इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या टपालबाईंनी टपाल कचेरीच्या खिडकीतून पत्ता पुन्हा पुन्हा वाचला, जाड पुस्तक काढून बेट शोधलं, आणि हे बेट आहे पण त्याचा दर दोन देशांच्या तक्त्यात वेगवेगळा दिलाय असं सांगितलं. काटेसाहेबांनी जास्त असेल तो दर घ्यायला सांगितलं. पोचपावती जोडू का, असं टपालबाईंनी विचारलं, ते त्यांना फार आवडलं. पोचपावती शेवटपर्यंत आली नाही, पण ती जोडली होती याचं समाधान राहिलं.

काटेसाहेबांनी दोन हजार भरले. भरल्या क्षणी कंपनीने स्वागत म्हणून आणखी दोन हजार त्यांच्या खात्यात टाकले. मामांना वाटलं दाजी खूश होतील. दाजींचा चेहरा लाल झाला. तपासणीला गेलेल्या निरीक्षकाच्या खिशात दुकानदार पैसे कोंबतो, याला काय म्हणतात हे त्यांनी मामांना सांगितलं, आणि ॲपमधल्या गप्पांच्या चौकटीत लिहायला बसले. तिथे ‘तुमची मदतनीस’ नावाची कुणी बाई असे. काटेसाहेबांनी ‘महोदया’ असा मायना घालून आपली भेट साभार परत करत असल्याचं कळवलं. मदतनीस बाईंनी त्यांना भेट कशी वापरायची हे समजावलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. बाईंनी भेट वाढवून अडीच हजार केली. अशी अकरा पत्रं झाली, तेव्हा कुठे ती बाई नसून यंत्र आहे हे मामांनी त्यांना सांगितलं. यंत्राच्या वरचा माणूस मिळेपर्यंत आणखी दोन दिवस गेले, पण भेट परत गेली. कंपनीच्या इतिहासात असं कधी घडलं नसावं, असं मामांचं मत होतं. काटेसाहेबांनाही ते पटलं.

मग प्रत्यक्ष तपासणी. मामांनी त्यांना बरोबरीच्या दोन खेळाडूंचा टेबल टेनिसचा सामना शोधून दिला. शंभर लावून जिंकलात तर एकशे सत्त्याऐंशी परत. दुसऱ्या बाजूवर लावलेत तरी तेवढेच. काटेसाहेबांनी कागदावर गणित मांडलं. दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकायचं. दोन्हीकडे शंभर, म्हणजे दोनशे गेले. कोणीही जिंको, परत एकशे सत्त्याऐंशी. तेरा कुठे गेले? मेणाची गोळी सापडली होती. मामा म्हणाले की दोन्हीकडे कोणी लावतंच नाही, आपण जिंकणाऱ्यावर लावायचे. काटेसाहेबांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. कागदावरचं गणित म्हणजे पुरावा नव्हे. प्रत्यक्ष टाकून, प्रत्यक्ष तूट दाखवून, मामांची त्यावर साक्षीदार म्हणून सही घ्यायची होती.

इथपासून दैव आडवं आलं. काटेसाहेब जिंकायला लागले.

पहिल्या वेळी त्यांनी एका बाजूवर पाचशे लावले आणि नियमाप्रमाणे आधी त्याची नोंद वहीत केली: तारीख, वेळ, खेळाडूचं पूर्ण नाव. ते नाव सोळा अक्षरी होतं. नोंद होईपर्यंत सामना सुरू झाला आणि दुसऱ्या बाजूचं दार बंद झालं. सोळा अक्षरी खेळाडू जिंकला. दुसऱ्या वेळी घाई केली, तर अंगठा दोन्ही वेळा एकाच बाजूवर पडला. तीही बाजू जिंकली. तिसऱ्या वेळी त्यांनी मुद्दाम विषम सामना घेतला, कारण तराजू हलक्या मालालाही तपासायचा असतो. एक संघ इतका कमकुवत होता की त्याच्यावरच्या शंभराला सात हजार मिळत. त्याच्यावर त्यांनी शंभर टाकले, आणि जड बाजूची रक्कम टाकणार इतक्यात फोन वाजला. लेक होती. जेवलात का, गोळी घेतली का, मामा बरे आहेत का. लेकीचा फोन मधेच तोडण्याइतकी कुठलीही तपासणी तातडीची नसते. तो संपला तेव्हा सामना सुरू झालेला होता, आणि त्या कमकुवत संघाने गेल्या नऊ वर्षांतला पहिला विजय त्या दुपारी मिळवला.

खात्यात दहा हजार दोनशे पाच दिसू लागले. काटेसाहेब टेबलापाशी डोकं धरून बसले होते, आणि मामा त्यांच्याकडे ज्या भक्तिभावाने पाहत होते तसं त्यांनी बहिणीच्या लग्नात नवरदेवाकडेही पाहिलं नव्हतं.

बातमी जिन्याने वर गेली आणि खालीही आली. टपालबाईंनी एकदा पायऱ्यांवर थांबवून, माझा विश्वास नाही यावर, पण सहज विचारते, अशी प्रस्तावना करून शनिवारी काय वाटतंय ते विचारलं. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य तर संधीच शोधत होते. काटेसाहेब त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेले असताना, तोंडात कापूस आणि नळी असताना, त्यांनी निळ्या जर्सीचा संघ जिंकेल का असं विचारलं. नेमकी त्याच वेळी कळ आली आणि काटेसाहेबांची मान हलली. डॉक्टरांनी निळ्यांवर पैसे लावले. निळे हरले. पुढच्या आठवड्यात उरलेली दाढ भरताना डॉक्टरांचा हात जरा जड झाल्यासारखा वाटला, पण काटेसाहेबांनी तक्रार केली नाही. तोंडात कापूस असतानाही माणसाने मानेवर ताबा ठेवायला हवा होता, असं त्यांचं स्वतःबद्दल मत पडलं.

हा मानभंग एका बाजूला. खरी भीती दुसरीच होती. मामा आता म्हणत होते की दाजींनी तपासणी केली आणि काटा चोख निघाला. उलट गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकतो. आपला संघ आपण आतून पाहिलाय, अंतिम सामना तीन रविवारांवर आलाय, बँकेतली रक्कम आणखी पडून राहण्यात अर्थ नाही. काटेसाहेबांनी तेरा कुठे गेले ते पुन्हा मांडून दाखवलं. मामांनी दहा हजार दोनशे पाचवर बोट ठेवलं. ज्या माणसाला आकड्यांनी पटवायचं तो आकडाच दाखवू लागला की बोलणं खुंटतं.

त्या संध्याकाळी काटेसाहेबांनी बराच वेळ ताटातलं काहीच खाल्लं नाही. मग त्यांनी एकच अट घातली. माल घालून काटा बघितला; आता माल काढून बघायचा. “माझे पैसे माझ्या बँकेत येऊन पडेपर्यंत तू तुझे तिकडे घालायचे नाहीत. शब्द दे.”

मामांनी हसत हसत शब्द दिला. दोन दिवसांचं काम, असं त्यांना वाटत होतं. ते तीस वर्षं सरकारी इस्पितळात होते, तरी त्यांना असं वाटलं, याचं काटेसाहेबांना पुढे कित्येक दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

पैसे भरायला एक अंगठा पुरला होता. काढायला ओळख पटवावी लागणार होती. ओळखपत्रावर काटेसाहेबांचं नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण होतं, बँकेत आद्याक्षरं होती, त्यामुळे हे दोन वेगळे इसम असल्याचं कंपनीने कळवलं. मग चेहऱ्याशेजारी ओळखपत्र धरून छायाचित्र मागितलं. मामांनी ते काढायचं ठरलं, आणि इथे त्यांच्यातला तंत्रज्ञ जागा झाला. खांदे मागे, हनुवटी वर, श्वास रोखा, असं म्हणून त्यांनी दाजींना भिंतीपाशी उभं केलं. पहिलं छायाचित्र चष्म्यावर उजेड पडला म्हणून नाकारलं गेलं, दुसरं चष्मा नसल्याने ओळखपत्राशी जुळत नाही म्हणून. तिसऱ्यात डोळे मिटलेले होते. चौथ्याच्या वेळी मामा नेमकं सवयीचं ‘आता श्वास सोडा’ म्हणायला विसरले, आणि त्या छायाचित्रातला काटेसाहेबांचा जांभळट चेहरा कंपनीने संशयास्पद ठरवला. सातवं स्वीकारलं गेलं. त्यात ते अतिशय रागावलेले दिसतात, म्हणजे ओळखपत्रातल्यासारखेच.

मग राहत्या पत्त्याचा पुरावा. काटेसाहेबांनी विजेचं बिल पाठवलं. उत्तर आलं की हे कागदपत्र दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर आहे.

ते बायकोच्या नावावर होतं. वीज घेतली त्या वर्षी काटेसाहेब दौऱ्यावर होते, तेव्हा अर्ज तिने केला होता. नाव बदलायचं काम वर्षभर राहिलं होतं. नोंदी अचूक ठेवण्याबद्दल ज्याची ख्याती त्याच्याच घरात ही नोंद राहिली होती, आणि मामांनीही कधी विषय काढला नव्हता. दोघे वीज कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहून अर्जदार स्वतः का आल्या नाहीत असं विचारलं. काटेसाहेब म्हणाले की त्यांना येणं शक्य नव्हतं. मग त्यांनी दाखला पुढे सरकवला. कारकुनाने तो वाचला आणि पुढचा एकही प्रश्न न विचारता शिक्का मारला. बाहेर पडल्यावर काटेसाहेबांनी मामांना सांगितलं की शिक्का सरळ मारलाय, हल्लीच्या मुलांना असा जमत नाही. मामा हो म्हणाले. दोघे बसने न येता चालत घरी आले.

नवं बिल यायला दहा दिवस लागले. या काळात एक वेगळीच गोष्ट घडत होती. मामांना घाई होती. दाजींचे पैसे आल्याशिवाय आपले घालता येत नव्हते, म्हणून दाजींच्या पैशांसाठी मामाच कंपनीच्या हात धुवून मागे लागले. सकाळी चहा पिऊन ते टेबलापाशी बसत आणि मदतनीस बाईंशी भांडत. तक्रार क्रमांक, उपतक्रार क्रमांक, अर्जाची सद्यस्थिती हे शब्द ते बोलू लागले. ओघात त्यांनी आपलेही थोडे पैसे काढून पाहावे म्हटलं, तेव्हा त्यांना कळलं की स्वागताची भेट आपण ठेवून घेतली होती, आणि ती घेतली की भेटीच्या पंधरापट रकमेच्या पैजा लावल्याशिवाय एक पैसाही बाहेर काढता येत नाही. हे कुठे लिहिलंय, असं त्यांनी तावातावाने विचारलं. काटेसाहेबांनी एकोणिसावं पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं. समासात लाल पेन्सिलीने ‘हे पारडं खिळ्याने ठोकलेलं आहे’ असं लिहिलेलं होतं. मामांनी ते पान वाचलं. मग विसावं वाचलं. त्या दुपारी ते चाळिसाव्या पानापर्यंत गेले, आणि संध्याकाळी जेवताना व्हॉलीबॉलचा विषय निघाला नाही.

काटेसाहेब मात्र मनातून प्रसन्न होत चालले होते. कंपनीच्या कामात त्यांना जातिवंत कसब दिसू लागलं होतं. सात दिवसांनी एकच त्रुटी कळवायची, ती पूर्ण झाली की दुसरी कळवायची, दोन्ही एकदम कधीच नाही. हे येरागबाळ्याचं काम नव्हे, असं ते म्हणत. त्यांच्या खात्यात एक हेडक्लार्क नेमकं असंच करत, त्यांची काटेसाहेबांना आठवण झाली. भेटले असते तर ही मंडळी एकमेकांना आवडली असती.

अंतिम सामन्याचा रविवार उजाडला. दुपारी तीनला सामना, आणि पावणेतीनला मदतनीस बाईंनी मामांना प्रत्यक्ष अधिकाऱ्याशी जोडण्याची तयारी दाखवली. रांगेत क्रमांक दोनशे चौदा होता. मामा फोन टेबलावर उभा करून त्यासमोर बसले. सामना सुरू झाल्याचं काटेसाहेबांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी हात वर करून गप्प बसवलं; क्रमांक एकशे नव्वदवर आला होता. साडेपाचला अधिकारी मिळाला. त्याने एक प्रपत्र पाठवलं आणि तो निघून गेला. मामांचा संघ हरला होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी जिन्यात दंतवैद्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

ते प्रपत्र शेवटचं होतं. त्यात पैशांचा स्रोत विचारला होता. काटेसाहेबांनी छापून घेतलेल्या प्रतीवर ‘निवृत्तिवेतन’ लिहिलं. खाली एक रिकामी ओळ होती: खेळण्याचा हेतू. मामा म्हणाले की लिहा मनोरंजन आणि मोकळे व्हा, तिकडे कोण बघतंय.

“माझं जराही मनोरंजन झालेलं नाही,” काटेसाहेब म्हणाले.

मामांनी हात जोडले. दहा हजारांचा प्रश्न आहे, तीन आठवडे माझी बोटं झिजलीत, एक शब्द लिहा. काटेसाहेबांनी पेन उचललं, थोडा वेळ त्या ओळीकडे पाहिलं, आणि आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘काट्याची तपासणी. निष्कर्ष: दोनशेमागे तेरा तूट.’ खाली सही केली आणि सहीखाली हुद्दा लिहिला, पुढे कंसात निवृत्त.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मामांनी ते छापून घेतलं आणि टेबलापाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. कंपनीची सेवा केवळ वैयक्तिक मनोरंजनासाठी असून, आपण ती अन्य हेतूने वापरल्याचं आपणच लेखी कळवलं आहे. सबब जिंकलेली रक्कम रद्द करण्यात येत आहे. भरलेले दोन हजार आज परत केले आहेत. आपलं खातं कायमचं बंद करण्यात आलं असून आपण यापुढे कोणत्याही नावाने खातं उघडू नये.

मामांचा आवाज शेवटी चिरकला. आठ हजारांहून जास्त गेले, असं ते म्हणाले, नुसत्या एका ओळीने गेले. काटेसाहेबांनी कागद मागून घेतला, चष्मा पुसला आणि पुन्हा सावकाश वाचला. वाचता वाचता त्यांची पाठ सरळ होत गेली. चौतीस वर्षांत त्यांनी दंड केलेल्या कुणा दुकानदाराने आपण तपासणीला घाबरतो असं कधी लेखी दिलं नव्हतं. या कंपनीने दिलं होतं, तेही समुद्रापलीकडून. त्या दिवशी त्यांनी ते उत्तर टपालबाईंना वाचून दाखवलं, मग दंतवैद्यांना, यावेळी तोंडात काही नसताना. लेकीलाही फोन करून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं.  ती म्हणाली, बाबा, तो कागद जपून ठेवा.

बँकेचा संदेश दुपारी आला. दोन हजार जमा. ठरल्याप्रमाणे पैसे येऊन पडले होते, म्हणजे मामा शब्दातून मोकळे झाले होते. हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, आणि संध्याकाळचं जेवण कुणीही फारसं न बोलता झालं. अंतिम सामना गेला होता, पण सामने काय, रोजच असतात. काटेसाहेबांना पुष्कळ बोलायचं होतं. पण काटा तपासून झाल्यावर निरीक्षक बोलत नाही. समोरच्याने काय करायचं ते समोरच्याने ठरवायचं. ताट उचलताना मामा म्हणाले, “दाजी, उद्या बँकेत येता का माझ्याबरोबर?”

कशासाठी, हे काटेसाहेबांनी विचारलं नाही. विचारायचं नाही हे ठरवायला त्यांना फार कष्ट पडले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते मामांबरोबर बँकेत गेले आणि रांगेत त्यांच्या मागे ताठ उभे राहिले. पुढे नऊ माणसं होती. आठ झाली, पाच झाली. मामा खिडकीपाशी पोचले. पैसे काढायची चिठ्ठी डाव्या बाजूला होती, ठेवींचे अर्ज उजव्या बाजूला. मामांनी उजवीकडे हात घातला. पाच वर्षांची मुदत ठेव, सगळ्या रकमेची, असं ते खिडकीतल्या बाईंना म्हणाले. काटेसाहेबांनी कुणाच्या लक्षात येणार नाही इतक्या हळू श्वास सोडला.

बाई भराभर कळा दाबत होत्या. मग थांबल्या. तुमच्या खात्याला नामनिर्देशन बहिणीचं आहे, त्या म्हणाल्या. तुमच्या मागे रक्कम त्यांना मिळेल. ठेवीलाही तेच ठेवू का?

मामांनी हातातला अर्ज खाली ठेवला. काटेसाहेबांच्या मागच्या माणसाने खाकरून दाखवलं. मग मामा म्हणाले की नाव बदलायचं आहे, आणि त्यांनी काटेसाहेबांचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट पूर्ण, आद्याक्षरं न घालता.

नातं काय, बाईंनी विचारलं. बहिणीचे यजमान, मामा म्हणाले. बाईंनी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. हे नातं यात नाही, त्या म्हणाल्या, आपण ‘इतर’ टाकू.

काटेसाहेब पुढे सरकले. यादी अपुरी असेल तर ती दुरुस्त करण्यासाठी वरिष्ठांकडे लेखी मागणी कशी करावी, तोवर अर्ज कसा प्रलंबित ठेवावा, हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांच्या आधी मामा बोलले.

“भाऊ लिहा.”

बाईंनी मान वर केली. एकदा त्यांनी मामांकडे पाहिलं, जे बुटके आणि गोरे होते, आणि एकदा काटेसाहेबांकडे, जे तसे नव्हते. मग अर्जावरची दोन आडनावं पाहिली. आडनावं वेगळी आहेत, आणि आत्ता तर बहिणीचे यजमान म्हणालात, त्या म्हणाल्या. खरंच भाऊ आहात का? प्रश्न त्यांनी मामांना नाही, काटेसाहेबांना विचारला, कारण त्या दोघांत खोटं न बोलणारा कोण असेल हे कुणालाही चेहऱ्यावरून कळलं असतं.

काटेसाहेबांनी शर्टाची बाही सरळ केली.

“हो,” ते म्हणाले. “मी थोरला.”